विहीणबाईंना उतरा म्हणायचं राहिलं

पंक्चर चाक बदलणं हे काय काम आहे का? एकलहऱ्याच्या वीज केंद्रात फिटर म्हणून अख्खी नोकरी काढली मी. टना-टनाचे पंप जॅकवर घेतले आणि फुलासारखे खाली ठेवले. त्यामुळे लेकीच्या सासरच्या गाडीचं मागचं चाक आमच्या फाटकासमोर बसलेलं दिसलं, तेव्हा मी बाह्या वर सरकवल्या आणि जावयांना म्हणालो, "तुम्ही राहू द्या, कपडे खराब होतील. पाच मिनिटांचं काम आहे." त्या पाच मिनिटांवरून आमची ही मला अजून टोमणे मारते, आणि मी ऐकून घेतो.

लेक दिवाळीला आली होती ती परत गेलीच नव्हती. मार्च उजाडला होता. सासर मनमाडकडचं, दुकानं, मोठं घर, माणसं तालेवार. तिथे तिला कुणी मारत नव्हतं, उपाशी ठेवत नव्हतं. फक्त शाळेतली नोकरी सोडायला लावली, आणि मग दिवस-दिवस तिच्याशी कुणी धड बोलेना. हे तिने आईला सांगितलं, आईने मला सांगितलं आणि मी म्हणालो, "बघू." चार महिने मी नुसता बघतच होतो.

त्या रविवारी जावई आणि विहीणबाई तिला न्यायला आले. मला तिला पाठवायचं नव्हतं. आता कबूल करायला काय जातंय, पण तेव्हा तोंड उघडलं नाही. प्लँटवर मोठ्या साहेबाला तोंडावर 'हे चुकतंय' म्हणून सांगणारा माणूस मी, पण विहीणबाईंसमोर तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो. 'पाठवता का' असं त्यांनी विचारलंच नाही. चहाचा कप खाली ठेवत म्हणाल्या, "ऊन चढायच्या आत जेवून निघू म्हणते." झालं, ठरलं. हिने पुरणाचा घाट घातला, विहीणबाईंची ओटी भरली. लेकीने बॅग भरली. ती सकाळपासून माझ्या तोंडाकडे बघत होती आणि मी पेपरात डोकं खुपसून तीच ती बातमी वाचत होतो.

नमस्कार-चमत्कार झाले, विहीणबाई मागच्या सीटवर जाऊन बसल्या, जावयांनी इंजिन चालू करून एसी लावला, आणि मग ते डिकी उघडायला मागे गेले तेव्हा त्यांना चाक दिसलं. आता विहीणबाईंना उतरा कसं म्हणायचं? ओटी भरून निघालेलं माणूस. आमच्याकडे निघालेल्या माणसाला मागून हाकसुद्धा मारत नाहीत. त्यातून मुलाची आई. हिने मला बाजूला घेऊन विचारलं, "अहो, त्या आत आहेत, चालेल का?" मी म्हणालो, "बसू दे. एका बाईचं वजन ते कितीसं." प्लँटवर माझ्यासमोर कुणी हे वाक्य बोललं असतं तर मी त्याला हाताला धरून गेटबाहेर नेऊन सोडला असता.

बाकी सगळं मी रीतसर केलं. हँडब्रेक बघितला. पुढच्या चाकांना मागून-पुढून विटा लावल्या. चाक जमिनीवर असतानाच बोल्ट ढिले केले. गाडीच्या पोटाला जॅकसाठी खूण केलेली असते, तिथेच जॅक लावला. गाडी वर घेतली, चाक काढलं आणि ते आडवं करून जॅकशेजारी गाडीच्या खाली सरकवलं. ही आमची जुनी सवय. जॅकने दगा दिलाच तर गाडी चाकावर बसावी, माणसावर नाही.

पण काहीतरी बरोबर नव्हतं. जॅक फिरवताना गाडीच्या आतून सुस्स असा आवाज आला होता. मला वाटलं, दुसरं चाकही गेलं की काय. वाकून बघितलं तर बाकीची चाकं टणटणीत. म्हटलं असेल एसीचं काहीतरी. मी चाकावरच्या कमानीच्या आत हात घालून फडक्याने गंज पुसायला लागलो. तेवढ्यात विहीणबाईंच्या बाजूला ऊन आलं, म्हणून त्या सीटवरून पलीकडे सरकल्या. गाडीत कुठेतरी घर्र सुरू झालं, आणि पलीकडची बाजू आपली आपण वर यायला लागली. गाडी कलली. जॅकचं डोकं तिरपं झालेलं मला दिसलं. मी हात ओढला आणि मागच्या मागे मातीत बसलो. धाडकन गाडी त्या आडव्या चाकावर येऊन टेकली.

हाताला काही झालं नाही. जावई धावत आले, मला धरून उठवलं आणि खाली मान घालून म्हणाले, "बाबा, ही गाडी हवेवर आहे."

मग कळलं. त्या गाडीला स्प्रिंगा नाहीत. चारी बाजूंना हवा भरलेले रबरी फुगे, आणि गाडी सतत स्वतःला मापून सरळ ठेवत असते. मी एक कोपरा उचलला, तिला वाटलं ही बाजू उंच झाली, तिने तिथली हवा सोडली. विहीणबाई पलीकडे गेल्या, तिला वाटलं ती बाजू दबली, तिने तिकडे हवा भरली. इंजिन चालू, म्हणजे तिचं हे सगळं चालूच. जॅक लावण्याआधी पुढच्या स्क्रीनवर एक सेटिंग करायचं असतं, त्याने ती जागच्या जागी गप्प राहते. मग इंजिन बंद करायचं, दारं लावायची, आत कुणी बसायचं नाही.

"तुम्हाला हे माहीत होतं?" मी विचारलं.

"गाडी घेताना सांगितलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही म्हणालात पाच मिनिटांचं काम आहे. तुम्हाला मी काय शिकवणार?"

मी विहीणबाईंचा मान राखला, जावयांनी माझा राखला, आणि माझा पंजा गाडीखाली जाता जाता राहिला.

विहीणबाई अजून आतच होत्या. काच खाली करून म्हणाल्या, "झालं का?" जावयांनी माझ्याकडे बघितलं, मी हिच्याकडे बघितलं. लेक पायरीवरून उतरून आली, गाडीचं दार उघडलं आणि म्हणाली, "आई, खाली उतरा." आवाज चढवला नाही, कारणही सांगितलं नाही. विहीणबाई ओटीचा नारळ सावरत उतरल्या आणि मुकाट्याने आमच्या ओट्यावर जाऊन बसल्या. मला लेकीचा अभिमान वाटला, आणि स्वतःची लाज वाटली.

मग जावयांनी सेटिंग केलं, इंजिन बंद केलं. मी जॅकखाली फळी टाकली आणि गाडी पुन्हा वर घेतली. या वेळी ती हलली नाही. स्टेपनी नेहमीच्या चाकापेक्षा बारीक होती, ती चढवली. लेक माझ्याशेजारी उकिडवी बसून एकेक बोल्ट हातात देत होती. लहानपणी मी सायकल खोलायचो तेव्हा अशीच बसायची. मी समोरासमोरचे बोल्ट लावत गेलो. शेवटचा देताना तिने तो लगेच सोडला नाही. फक्त मलाच ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली, "बाबा, सकाळपासून वाट बघतेय. तुम्ही एकदा म्हणाल, नाही पाठवत."

जावई तीन पावलांवर उभे होते. ओट्यावर विहीणबाई पदराने वारा घेत होत्या. दोन शब्द होते. ते गळ्यापर्यंत आले, हे मी शपथेवर सांगतो. मी तिच्या हातातून बोल्ट घेतला, बसवला आणि म्हणालो, "चाक बारीक आहे. ऐंशीच्या पुढे नेऊ नका म्हणावं."

"बरं," ती म्हणाली. ओढणीला हात पुसले आणि बॅग आणायला घरात गेली. मी जॅक सोडला, गाडी चारी चाकांवर आली, आणि जमिनीवर आल्यावर आवळतात तसे सगळे बोल्ट पुन्हा एकदा घट्ट आवळले.