नऊशे चाळीस तिकिटांचा गोळा

सतरा नंबरच्या बसवर एकोणीस वर्षं एकच कंडक्टर होती, म्हणून डेपोत तिला सगळे सतरावालीच म्हणायचे. बोलायला फटकळ, हिशेबाला चोख. कुणी दारात लोंबकळत उभा राहिला, तर ती त्याला लाजेनंच आत यायला लावायची. पाठीमागे लोक तिला काहीही म्हणोत, समोर मात्र तिच्या बसमध्ये सगळे सुतासारखे सरळ असत.

तिच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरी तिची नणंद राहायची. तिच्याच वयाची, बिनलग्नाची. शर्टाच्या कारखान्यात पॅकिंगला होती. दिवसाला चारशे शर्ट घडी घालून पिशवीत सरकवायची. एकदा गोदामाच्या जिन्यावरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण पाय पूर्वीसारखा झाला नाही. इमारतीला लिफ्ट नव्हती. भावानं सुरुवातीला दोनतीनदा पाठीवर घेऊन खाली नेलं, पण खाली पोचेपर्यंत ती वेदनेनं पांढरीफटक पडायची. मग तिनंच नको म्हटलं. त्याला चार वर्षं झाली होती.

चारशे शर्टांची सवय असलेले हात घरात स्वस्थ कसे बसणार? तिनं वर्तमानपत्रांच्या घड्या घातल्या, पिशव्यांच्या घातल्या, भावाच्या रुमालांच्या तर इतक्या घातल्या, की ते वापरायची त्याला चोरी झाली. मग एके दिवशी सतरावालीच्या युनिफॉर्मच्या खिशातून दोनचार जुनी तिकिटं निघाली. नणंदेनं एक उचललं, उभं दुमडलं, आडवं दुमडलं, टोकं तिरकी केली आणि त्याला दोन शेपट्या आणि दोन खिसे तयार केले. एकाची शेपटी दुसऱ्याच्या खिशात. तीस तिकिटांत लिंबाएवढा चेंडू झाला. ना गोंद, ना दोरा, आणि खाली टाकला तरी सुटेना.

"वहिनी, अजून आण," ती म्हणाली.

सतरावाली आणू लागली. शेवटच्या थांब्यावर बस रिकामी झाली, की ती वाकून सीटखालची तिकिटं गोळा करायची. जवळच्या अंतराचं गुलाबी, मग हिरवं, पिवळं, आणि लांबच्याचं निळं. निळी कमी मिळत. म्हणून तिनं लंबूला सांगितलं.

लंबू डेपोतला तिचा जुना सोबती. तोही कंडक्टरच, पण लांब पल्ल्याच्या गाडीवर. इतका उंच, की बसमध्ये मान वाकवूनच चालायचा आणि तरी रोज एकदा तरी दांड्यावर टाळकं आपटायचं. वन्संसाठी हवीत म्हटल्यावर तो दर आठवड्याला छोट्या पिशवीतून निळी तिकिटं, जिना चढून दारापर्यंत, आणून देऊ लागला. कधी विसरला नाही.

तीन वर्षांत गोळा दोन्ही हातांत मावेना एवढा झाला. मोजून नऊशे चाळीस तिकिटं, रंगांची वलयं एकात एक शिरलेली. सतरावालीनं फोनवर फोटो काढला आणि लंबूला दाखवला. तो चाटच पडला. त्यानं तो आपल्या फोनवर घेतला आणि डेपोच्या सगळ्यांना पाठवला. खाली लिहिलं, आपल्या सतरावालीच्या घरची कारागिरी बघा.

सगळ्यांनी बघितली. तपासनीस साहेबांनीही बघितली.

चौथ्या दिवशी तिला बोलावणं आलं. वापरलेली तिकिटं फाडून डेपोच्या पेटीत टाकायची, असा नियम होता. ती घरी का जातात, किती वर्षं जातात, आणि घरी गेलेली सगळीच घरी राहतात की काही पुन्हा बसमध्ये येतात, असं साहेबांनी शांतपणे विचारलं. सतरावालीच्या तोंडचं पाणी पळालं. जुनं तिकीट नव्या प्रवाशाला खपवणं हा त्यांच्या धंद्यातला सर्वांत मोठा डाग. तिनं उभ्या जन्मात तसं केलं नव्हतं. तिकिटाच्या कडेला थांब्यांचे आकडे असतात आणि प्रवासी जिथे चढतो त्या आकड्यावर भोक पाडतात. एक तिकीट, एक भोक. ती म्हणाली, उघडून बघा, एकावरही दुसरं भोक सापडलं तर नोकरी सोडते.

"मग घेऊन या," साहेब म्हणाले.

घरी ती खरं बोलू शकली नाही. डेपोच्या वर्धापनदिनाला ऑफिसात मांडायचा आहे, असं तिनं वन्संना सांगितलं. का सांगितलं, ते तिचं तिलाच उमगलं नाही. वन्संचा चेहरा मात्र असा उजळला, की आता शब्द मागे घेणंही शक्य नव्हतं. वन्संनी भावाकडून खोकं मागवलं, आत जुना टॉवेल अंथरला, मऊ ब्रशनं गोळ्यावरची धूळ झटकली आणि खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, एका हाताने उचलू नये.

ऑफिसातल्या टेबलावर साहेब, डेपो मॅनेजर आणि एक कारकून मुलगी बसली होती. कारकून मुलीनं हात पुढे केला, तेव्हा सतरावाली म्हणाली, मीच सोडवते. पहिलं तिकीट निघता निघेना. वन्संनी शेवटची शेपटी इतकी घट्ट खोचली होती, की नखाखाली कागदाची कड रुतून रक्त आलं. पण तीनचार निघाली आणि मग बाकीची स्वेटर उसवावा तशी सुटत गेली. ती उलगडायची, कारकून मुलगी पट्टीनं सपाट करायची, साहेब भोक बघायचे. दुपारचा चहा येऊन गार झाला.

गुलाबी सगळी ठीक निघाली. हिरवी, पिवळी ठीक. तिचा जीव भांड्यात पडत आला होता. निळ्यांमधलं सहावं की सातवं तिकीट साहेबांनी उजेडाकडे धरलं आणि बाजूला ठेवलं. मग आणखी एक. शेवटी बाजूला चौदा होती. प्रत्येकाला दोन भोकं.

साहेबांनी ही कुठून आली ते विचारलं. खाली पडलेली उचलली असतील, ती म्हणाली. साहेबांनी नोंदवहीत क्रमांक बघितले. ते मान वर न करता म्हणाले, "तिकिटांचं हे पुस्तक तुमच्या बसला कधी दिलंच नव्हतं. कुणाचं आहे ते इथे लिहिलंय. तुम्हाला ठाऊक आहे का, एवढंच सांगा."

ती हो म्हणाली आणि जबाबावर सही केली.

त्याच आठवड्यात लंबूला चौकशी होईपर्यंत घरी बसवलं. सतरावालीला लेखी ताकीद मिळाली, बस तीच राहिली. तिकिटं पुरावा म्हणून पाकिटात सीलबंद झाली. लंबू युनिफॉर्म जमा करायला आला, तेव्हा ती डेपोच्या नळामागे जाऊन उभी राहिली. त्यानं तिला हुडकून काढलंच.

"तोंड काय लपवतेस? फोटो मीच टाकला होता ना."

"तू मला ती तिकिटं दिलीसच कशाला?"

"पिशवीत काय काय आहे ते बघितलंच नाही गं," तो म्हणाला. "सवय झाली होती." आणि वाकायची गरज नसताना मान वाकवून तो फाटकाबाहेर गेला.

घरी रिकामं खोकं गेलं. गोळा ऑफिसातच काचेच्या कपाटात ठेवून घेतलाय, असं तिनं सांगितलं. मग रोजचीच प्रश्नपत्रिका सुरू झाली. कपाटावर ऊन येतं का? निळा रंग उडेल. कोण बघतं? साहेब काही म्हणाले का? सतरावाली चपला काढता काढता उत्तरं रचायची. वन्संना नव्या गोळ्यासाठी तिकिटं हवी होती. हल्ली लोक टाकतच नाहीत, ती म्हणायची. वन्सं मांडीवर हात ठेवून बसायच्या आणि ते हात बघवायचे नाहीत.

दीड महिन्यानं एका सुट्टीच्या दिवशी लंबूची बायको आली. सतरावाली भाजी आणायला गेली होती. परतली तेव्हा ती बाई वन्संच्या समोर बसली होती आणि सगळं सांगून झालं होतं. तिचं मागणं एकच होतं. चौकशी अजून संपली नव्हती. ती चौदा तिकिटं त्यानं दिलेल्या पिशवीतलीच असतील असं नाही, एवढं सतरावालीनं लिहून द्यावं. सतरावाली म्हणाली, क्रमांक वहीत आहेत, मी काही लिहिलं तरी खोटीच पडेन. बाई उठली. पाणीसुद्धा प्यायली नाही.

दार लागल्यावर वन्संनी विचारलं, "गोळा तू एकटीनं उलगडलास?"

"हो."

"पहिलं कुठलं काढलंस?"

"वरचं हिरवं."

"ते नव्हतं काढायचं," वन्सं म्हणाल्या. "खालचं गुलाबी आधी. तिथं मी सोडवायला जागा ठेवली होती." मग भिंतीकडे बघत, "दोन भोकांची मला दिसली होती. वाटलं, लांबच्या गाडीवर असंच असेल. तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

त्यानंतर घरात बोलणं जवळजवळ बंद झालं. वन्सं भावाशी बोलायच्या, वहिनीनं विचारलं तर मानेनं उत्तर द्यायच्या. नवरा बिचारा दोघींमध्ये निरोप्या झाला. सतरावालीला बसमध्ये पूर्वीसारखा आवाज लावता येईना. दारात कुणी लोंबकळला तर ती नुसती बघायची. तिकिटं फाडून पेटीत टाकताना ती बारीक बारीक फाडायची, जणू कुणी मागून बघतंय.

तीन महिन्यांनी निकाल लागला. लंबूची नोकरी कायमची गेली. ही बातमी तिनं जेवताना नवऱ्याला सांगितली, वन्संना ऐकू जाईल अशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी वन्सं आपणहून बोलल्या. "त्यांच्या घरी जाऊन ये."

"काय म्हणू जाऊन?"

"काही म्हणू नकोस. तो आठवड्याला पिशवी घेऊन जिना चढून येत होता."

ती रविवारी गेली. दार लंबूनंच उघडलं. चौकट उंच होती, तरी वाकूनच. त्यानं तिला खुर्ची दिली आणि स्वतः स्टुलावर बसला. एका दुकानात मालाची चढउतार करतो, म्हणाला, कंबर धरते. वन्संचा पाय कसा आहे ते त्यानं विचारलं. आतून भांड्यांचा आवाज येत राहिला, जरा जास्तच मोठा, पण त्याची बायको बाहेर आली नाही. वीसेक मिनिटं दोघं तशीच बसली. निघताना त्यानं जिन्याचा दिवा लावून दिला.

घरी आल्यावर वन्संनी विचारलं, "काय म्हणाला?"

"विशेष काही नाही."

"बसू दिलं?"

"दिलं. बायको बाहेर आली नाही."

"मग पुढच्या रविवारी पुन्हा जा," वन्सं म्हणाल्या.

ती गेली. तेव्हाही त्याची बायको आतच होती.