मांडीवर मावेल तेवढा कुत्रा

कशालाही वीत लावायची दादांना सवय होती. दुधी असो, फणस असो, शेजाऱ्याचा नवा टीव्ही असो, अंगठा आणि करंगळी ताणून मोजायचे आणि म्हणायचे, "आपली वीत खोटं बोलत नाही, बाय." पुतणीला बघायला मुलगा आला. तो पाया पडायला वाकला, तर यांनी त्याच्या पाठीवरही वीत टाकली. म्हणाले, "अजून चार बोटं वाढेल." मुलगा तिशी ओलांडलेला होता.

आगाशीजवळच्या त्यांच्या वाडीत मी बरीच वर्षं फुलं खुडायला जातेय. सगळे त्यांना दादा म्हणायचे, मीही. नजर मात्र चांगली होती, ते नाकारणार नाही. केळीचा लोंगर, म्हणजे अख्खा घड, झाडावर असतानाच ते वजन सांगायचे आणि बाजारात काटा तेवढंच दाखवायचा. अशा माणसाला वाटायला लागतं की आपल्याला सगळ्यातलंच कळतं. तुमच्याही ओळखीत असेल एखादा. आठवून बघा.

वहिनींचे, म्हणजे दादांच्या बायकोचे, गुडघे गेले तेव्हापासून त्या ओटीवरच्या झोपाळ्यावर बसून असायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलायच्या. दादांनी ठरवलं, हिला सोबतीला एक छोटं कुत्रं आणायचं. वहिनी म्हणाल्या, "मांडीवर मावेल तोवर ठेवीन. मावला नाही की चांदीपला माझ्या भावाकडे. त्याला शेतावर राखणीला हवाच आहे."

"आयुष्यभर मांडीवर मावेल असाच आणतो," दादा म्हणाले.

भुईगावच्या एका बाईच्या कुत्रीला पिल्लं झाली होती. कुत्री पांढरी, केसाळ, उशीएवढी. बाप कोण ते बाईने सांगितलं नाही आणि दादांनी विचारलं नाही. रिक्षात मीही होते, भुईगावला माझी बहीण राहते म्हणून. पिल्लं बघून दादा खाली बसले आणि त्यांनी सगळ्यांत मोठ्या पंजांचं, मोठ्या कानांचं पिल्लू उचललं.

बाई प्रामाणिक होती. म्हणाली, "काका, पंजे बघा त्याचे. तो वाढेल."

दादा हसले. "तुझ्याकडे केळी आहेत ना? मग मुनवे बघितले नाहीस कधी? तलवारीसारख्या अरुंद पानांचा मुनवा असतो, तोच झपाट्याने वाढतो. रुंद पानांचा कायम खुरटा राहतो. हा रुंद पानांचा आहे."

मुनवा म्हणजे केळीच्या बुडाशी फुटणारं पिल्लू. त्याच्याबद्दल ते बोलले ते अगदी खरं होतं. फक्त हातात कुत्रा होता. बाईने माझ्याकडे बघितलं. मी रिक्षाकडे बघितलं.

नाव ठेवलं वेलची. बोटाएवढी असते ना आपल्याकडची वेलची केळी, तिच्यावरून. रिक्षात तो दादांच्या ओंजळीत झोपला आणि हा वाडीवाला माणूस घर येईपर्यंत शिंकलासुद्धा नाही. पहिल्या महिन्यात वहिनी त्याला मांडीवर घेऊन भाजी निवडायच्या. मला कुत्री आवडत नाहीत, अजूनही नाहीत. पण त्या दिवसांत वहिनी माझ्यावर एकदाही ओरडल्या नाहीत, एवढं खरं.

मग वेलची वाढायला लागला.

"झालं, आता थांबला," दादा दर पंधरा दिवसांनी सांगायचे. तो थांबायचा नाही. मग म्हणायला लागले, "हे नुसते केस आहेत, बाय. आत कुत्रा एवढासाच आहे." ते सिद्ध करायला त्यांनी त्याला विहिरीवर नेऊन आंघोळ घातली. केस अंगाला चिकटले. आत कुत्रा होता तेवढाच होता, वर त्याचे खांदेही दिसायला लागले. दादांनी घाईघाईने पंचा घेऊन त्याला पुसून पुन्हा फुगवला.

विरारला जनावरांच्या डॉक्टरला दाखवलं. त्याने पाय दाबून बघितले, दात बघितले आणि सांगितलं, "काका, अजून निम्मा यायचाय."

"डॉक्टर नवीन आहे," दादा मला म्हणाले. डॉक्टरच्या डोक्यावर एक काळा केस नव्हता.

रस्त्यावरून जाणारे विचारायला लागले, "काय दादा, वेलची लावली होती ना? ही तर राजेळी निघाली." राजेळी केळं हातभर असतं. दादाही हसायचे. पण वहिनींचा भाऊ येणार असल्याचा फोन आला आणि त्यांचं हसणं बंद झालं. दोन दिवस ते धड जेवले नाहीत. वाडीत कुठेही गेले तरी मागून कुत्रा, आणि चांदीपला त्याच्या गळ्यात साखळी पडणार हे त्यांना ठाऊक होतं.

भाऊ यायच्या सकाळी मी गेले तर वेलची शेजाऱ्याच्या गोठ्याच्या दारात म्हशीला लागून बांधलेला.

"हे काय?" मी विचारलं.

"इथे लहान दिसतो," दादा म्हणाले.

"मग मलाही बांधा."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. म्हणाले, "म्हैस एकच आहे, बाय."

भाऊ टेम्पो घेऊन आला. कडक इस्त्रीचा सदरा घालून झोपाळ्यावर वहिनींशेजारी बसला, चहा प्यायला आणि म्हणाला, "कुठे आहे कुत्रा?"

"आणा हो त्याला," वहिनी म्हणाल्या.

दादांनी आणला. त्यांचा चेहरा असा होता की मी फुलांच्या परडीत बघत राहिले. वहिनींनी मांडी थोपटली. वेलचीने पुढचे पाय ठेवले, मग पोट, मग कसाबसा मागचा भाग वर चढवला. तोवर पुढचा भाग पलीकडे गेला. डोकं आणि छाती भावाच्या मांडीवर, पंजे त्याच्या सदऱ्यावर. झोपाळा करकरला. वहिनींचा चष्मा वाकडा झाला. त्या कुत्र्याच्या पाठीवरून आमच्याकडे बघत होत्या.

"मावला," त्या म्हणाल्या.

भाऊ म्हणाला, "ताय, अर्धा माझ्या अंगावर हाय."

"मग तू ऊठ ना. तुझीच अडचण होतेय त्याला."

भाऊ उठला. उरलेला वेलची झोपाळ्यावर पसरला. टेम्पोतून भाऊ केळीचे दोन लोंगर घेऊन गेला, आणि जाताना सदऱ्याकडे बघत बराच वेळ पुटपुटत होता.

दादा विहिरीवर जाऊन तोंड धूत बसले. तोंडाला काही लागलेलं नव्हतं. मी परडी भिजवायला गेले तेव्हा पाठ न वळवता म्हणाले, "कुत्रा मी बरोबर जोखला होता, बाय. बायकोच्या बाबतीत माझा अंदाज चुकला."

गेल्या उन्हाळ्यात दादा गेले. संध्याकाळी वहिनी झोपाळ्यावर बसल्या की कुत्रा वर चढतो, आणि मग त्यांचे पाय जमिनीपर्यंत पोचत नाहीत. झोपाळा तसाच उभा राहतो. मी घरी जाताना त्याला एक धक्का देते. फाटकापर्यंत करकर ऐकू येते.