भागीरथीबाईंचा पुकारा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलाला नाही. देवळात गेलो तर देवालाही नाही — त्याला ठाऊकच असेल असं धरून चालायचो, म्हणजे तोंडाने सांगायची लाज वाचते. आता पेन्शनीत निघालोय, ओसरीवर बसून सुपाऱ्या सोलतो. तुम्ही समोर बसला आहात असं समजून सांगतो. मध्येच अडखळलो तर अडखळू द्या.

मी कोर्टात पट्टेवाला होतो. आपल्या रत्नागिरीकडच्याच एका दिवाणी कोर्टात — कुठल्या, ते कशाला? अंगावर पट्टा, पट्ट्यावर पितळी बिल्ला, आणि खरं काम एकच, पुकारा. खटल्याची पाळी आली की बाहेर ओटीवर यायचं आणि वादी-प्रतिवादीचं नाव गावासकट तीनदा पुकारायचं. एकदा रस्त्याकडे तोंड करून, एकदा विहिरीकडे, एकदा चहाच्या दुकानाकडे. हाकेला आला त्याचं म्हणणं ऐकलं जायचं. वादीच आला नाही, तर दावा तिथल्या तिथे काढून टाकायचे. आवाज मला देवाने दिलेला. लोक चेष्टेने म्हणत, गोविंदाने ओटीवरून हाक मारली की बंदरातला तांडेल होडी वळवतो. मला ते फार आवडायचं.

आमचे साहेब सरळ माणूस. पक्षकाराने आंब्याची करंडी पाठवली तर ती त्याच गाडीने परत जायची, वर समज मिळायची ती निराळीच. त्यांच्या हाताखाली आहे याची मला घमेंड होती. पण एक सांगू? साहेब आत खुर्चीवर. माणसं बाहेर झाडाखाली. आतला न्याय बाहेर जायचा तो माझ्या गळ्यातून. साहेबांना कुणी हात लावू शकत नव्हतं, म्हणून लोक कुठे हात लावतील — हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं नव्हतं.

भागीरथीबाई म्हणजे आमच्याच गावची एक विधवा. घरामागे तिची माडांची लहानशी बाग होती, त्यावर तिचं आणि तिच्या मुलाचं पोट. कान असे तिखट, की घरात भाकरी थापताना मागे नारळ पडला तर कुठल्या माडाचा ते सांगायची. गावच्या खोताने ती बाग आपल्या कुंपणात घेतली. गावात खोताच्या शब्दापुढे शब्द नसायचा, पण ही बाई कोर्टात गेली. पायी, घाटी चढून.

पाळीच्या आदल्या दिवशी रविवार होता. मी आईला भेटायला गावी गेलो होतो. आमचं घर खोताच्या जागेत, छपराचं गवतही त्याच्याच सड्यावरचं, वरच्या माळावरचं. त्याने मला अंगणात बोलावलं. रागाचा शब्द नाही. पान पुढे केलं आणि म्हणाला,

"गोविंदा, घसा बसलासा वाटतो तुझा. उद्या जरा जपून. आणि आईचं घर शाकारायला आलंय ना रे? गवताचं बघू मग."

बस, एवढंच. यात लाच कुठे आहे? धमकी तरी कुठे आहे? कुठल्या कायद्यात बसवाल हे? परतताना वाटभर मी हेच स्वतःला विचारत होतो. ज्याला नाही म्हणायचं असतं तो असले प्रश्न विचारत बसत नाही.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या, उंडीच्या झाडाखाली बसल्या. त्यांचे वकील दुसऱ्या कोर्टात गुंतलेले. ते सांगून गेले होते, तुमचा पुकारा झाला की मला बोलवायला या. म्हणून बाई तोंडात पाण्याचा घोट न घेता दाराकडे डोळे लावून बसलेल्या.

पाळी आली. मी ओटीवर आलो. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे पाहिलं. आणि मी — किती वेळ टाळतोय बघा — मी काहीच बोललो नाही. ओठ तेवढे हलवले, खांद्यावरच्या फडक्याने तोंड पुसलं, आत गेलो आणि म्हणालो, "साहेब, वादी गैरहजर."

दावा काढून टाकला. साहेबांनी माझ्या शब्दावर सही केली. माझ्यावर विश्वास नसायला त्यांना कारणच काय होतं?

पण बाई हटणाऱ्या नव्हत्या. वकिलांनी अर्ज दिला — आपली पक्षकार दारातच होती, हाक झालीच नाही. साहेबांनी चौकशी लावली. मला पिंजऱ्यात उभं केलं, ज्या पिंजऱ्यात मी शेकडो लोकांना उभं केलं होतं. ईश्वराची शपथ घेतली आणि सांगितलं, तीनदा पुकारलं. कोर्टात हसू पिकलं. गोविंदाचा आवाज ऐकू आला नाही म्हणजे काय!

मग बाईंना विचारलं, हा बाहेर आलेला पाहिलात? त्या खरं बोलल्या. "बघितला तर. ओठ हलताना दिसले. मना वाटला, तोंड पुसतायत."

त्यांचा खरेपणाच त्यांच्यावर उलटला. साहेबांनी कागद चाळता चाळता त्यांना हळूच काहीतरी विचारलं. बाई कोर्टाच्या धाकाने अशा गोठल्या होत्या, की तोंडातून शब्द फुटला नाही. साहेबांनी मान हलवली. निकाल असा झाला, की शिपायाने आपलं काम केलं, मात्र बाईंना कमी ऐकू येतं. गैरहजेरीला कारण पुरेसं आहे, दावा पुन्हा चालवावा.

मला हायसं वाटलं. खोटं सांगत नाही, इतकं हायसं जन्मात वाटलं नव्हतं. नोकरी राहिली. खोताची मर्जीही राहिली, मी शपथेवर त्याच्या बाजूने बोललो होतो ना! आईच्या घरावर गवत पडलं. आणि पुढे दावा चालून बाईंना बागही परत मिळाली. कुणाचं काही बिघडलं नाही, असं मी मनाशी म्हणायचो. पुढच्याच वर्षी मिठासाठी माणसं खरं बोलून तुरुंगात गेली. मी खोटं बोलून बिल्ला राखला होता, आणि सुखाने जेवत होतो.

बाग मिळाल्यावर बाई कोर्टात आल्या, थेट माझ्याकडे. ओटीवर माझ्या पायाशी नारळ ठेवला. म्हणाल्या, "गोविंदभाऊ, माझा चुकला हो. कान गेले माझे, मना कळलाच नाय. उगाच तुमच्यावर बालंट आणला मी."

त्याच क्षणी सांगता आलं असतं. ओटीवर दुसरं कुणी नव्हतं. मी नारळ उचलला.

त्यांनी माझी शपथ खरी मानली होती, आणि स्वतःचे कान खोटे. तेव्हापासून गाव त्यांना बहिरी भागी म्हणू लागलं. लग्नाकार्यात त्यांना कुणी काही विचारेनासं झालं. विचारलं तर कानाशी ओरडून. त्याही मान तिरकी करून ऐकू लागल्या. सून त्यांच्यादेखत त्यांच्याविषयी बोलायची, म्हातारीला कुठे ऐकू येतंय म्हणून. आणि मी? शिमग्याला पालखीपुढे भेटल्या की मीसुद्धा ओरडूनच बोलायचो. त्या जरा दचकायच्या. ते मला दिसायचं, तरी पुढचं वाक्य मी तितक्याच मोठ्याने बोलायचो.

खोत मेला. साहेब बदली होऊन कधीच गेले. बाई गेल्या श्रावणात गेल्या. म्हणजे भ्यावं असं कुणी उरलं नाही, तेव्हा मी बोलतोय. हेही लिहून ठेवतो, नाहीतर तुम्ही मला धीराचा समजाल.

समाचाराला गेलो तर त्यांचा मुलगा कौतुकाने सांगत होता. शेवटच्या दिवशी आई अंथरुणातूनच म्हणाली, "विहिरीकडचा पडला रे, उचलून आण." तो म्हणाला, "बघा काका, जाता जाता कशी भ्रमली. बहिऱ्या माणसाला नारळ पडलेला ऐकू येतो होय?" मी विचारलं, मग बघून आलास का? गेला होता. नारळ विहिरीकडच्याच माडाखाली पडलेला होता. त्याला तो योगायोग वाटला. मी मान डोलावली आणि घरी आलो.

इथवर काल लिहून ठेवलं आणि आज त्याच्याकडे जाऊन आलो. सगळं सांगितलं, तुम्हाला सांगितलं तसंच. तो उठून मागल्या दारी गेला आणि माडांकडे बघत उभा राहिला. मग मी निघालो. छाती हलकी झाली आहे, हे कबूल करतो. त्याची झाली असेल असं नाही.

भागीरथीबाई बहिऱ्या नव्हत्या. मी हाक मारली नव्हती.