रंगाचं बटन

लग्नाच्या कॅसेटचं मिक्सिंग करायला मला खरा रंग दाखवणारा टीव्ही हवा होता, आणि ऐपत होती जुन्या टीव्हीची. म्हणून नगरला, केडगावच्या रस्त्यावरच्या एका जुन्या टीव्हींच्या दुकानात गेलो. दुकानदाराचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

प्रत्येक टीव्ही दाखवताना तो डोक्यावरची टोपी काढून तिनंच काच पुसायचा आणि रंगाचं बटन शेवटपर्यंत पिळायचा. बातम्या देणारी बाई टोमॅटोसारखी लाल झाली, की माझ्याकडे अशा अभिमानानं बघायचा, जणू त्याचीच लेक. माझ्या शेजारी उभ्या गिऱ्हाइकाला एक टीव्ही पसंत पडला, तसं दुकानदारानं त्या पिळलेल्या बटनावर काळी चिकटपट्टी मारली. "पोरं हात लावत्यात," म्हणाला.

"मला खरा रंग पाहिजे," मी म्हणालो.

आजाऱ्याकडे बघावं तसं त्यानं माझ्याकडे बघितलं आणि कोपऱ्यातून एक धुळकट सेट काढला. "ह्यो न्या. ह्यात मानूस हाय तसाच दिसतो. म्हनून तर पडून हाय."

त्या सेटवर मी सोनईचं एक लग्न रंग जुळवत जुळवत तयार केलं. नवरीचा शालू अगदी मोरपंखी उतरला. नवरीच्या माहेरी कॅसेट द्यायला गेलो, तर त्यांनी ती लगेच घरच्या टीव्हीवर लावली. नवरी केशरी, भटजी लालभडक आणि शालू पोपटी! अख्खं घर खूश.

"रंग लई झ्याक आलाय," नवरीचा बाप म्हणाला.

न राहवून मी रंग कमी करायला हात पुढे केला. बटनावर काळी चिकटपट्टी होती.