बहिऱ्या घरातलं मांजर

आमच्या समोरच्या चांगुणाबाईंच्या घरात कुठलं मांजर आणावं, यावर जेवढा खल झाला, तेवढा त्यांच्या सुनेला बघायला गेले तेव्हाही झाला नसेल. हे मी त्या सुनेच्या, चारुलताच्या, तोंडावरच म्हटलं होतं, आणि तीही हसली होती. तेव्हा सगळं हसण्यासारखंच होतं.

शहाऐंशी-सत्त्याऐंशीची गोष्ट. नेरूळला आमची इमारत नवीकोरी होती. फ्लॅटचा ताबा घेतलेले बरेच, पण राहायला आलेले मोजकेच. दुसऱ्या मजल्यावर आम्ही आणि समोर चांगुणाबाईंचा मुलगा जयप्रकाश. आमच्या डोक्यावरचे दोन्ही फ्लॅट कुलूपबंद. दुपारी पुरुषमाणसं कामावर गेली की जिन्यात आपल्याच चपलांच्या आवाजाने आपण दचकायचं. खिडकीतून बघावं तर नुसती भरणीची माती आणि पलीकडे करावे गावाकडची खाडी. मला ती जागा पहिल्या दिवसापासून आवडली नाही. मी गिरगावातली, मला भांडायला तरी शेजार लागतो.

शेजार मिळाला तो चांगुणाबाईंचा, आणि त्या ठार बहिऱ्या. मूळच्या महाडकडच्या, पण उमेदीची सगळी वर्षं गिरणीत वाइंडिंग खात्यात, सूत गुंडाळण्यात काढलेली. यंत्रांच्या धडधडीने कान गेले. ओठ बघून त्यांना बरंचसं समजायचं, आणि बोलायच्या त्या अशा खणखणीत की त्यांची गुपितं तळमजल्यावरही पोचायची. नवरा, सीताराम, गिरणीचा मोठा संप झाला त्या वर्षी वारला. मुलगा-सून दोघंही मुंबईला नोकरीला. सकाळी जायचे ते दिवेलागणीला यायचे. दिवसभर बाई एकटी, आणि दारात कोणी आलं तरी कळायचं नाही. यावर जयप्रकाशने उपाय काढला मांजराचा. कुत्रा भुंकून काय उपयोग? मांजर कान टवकारतं, दाराकडे बघतं. आईने मांजराकडे बघायचं आणि ओळखायचं, असा त्याचा हिशेब.

मग शोध सुरू झाला. करावे गावातून सगुणा मासे विकायला यायची. तिच्या घरी पट्ट्यापट्ट्यांच्या गावठी मांजरांचा सुकाळ. तिने एक पिल्लू देऊ केलं, पण बजावलंही, "ही मासलीच्या पाटीवर मोठी झालेली हाय, बाय. घरान कोंडून ठेवशील त येडी व्हईल." ते बारगळलं. चारुलताच्या ऑफिसात एक पारशीण होती, तिच्याकडे सयामी मांजरं. ती म्हणे दिवसभर माणसासारखी बोलतात, उलट उत्तर देतात. चांगुणाबाईंनी विचारलं, ऐकणार कोण? तेही बारगळलं. शेवटी जयप्रकाशच्या साहेबांच्या घरचं पर्शियन आलं. शांत, घर न सोडणारं, मांडीवर पडून राहणारं. पांढरीशुभ्र लांब लव आणि निळे डोळे. चांगुणाबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, बोटांना चिकटलेले केस बघितले आणि तिचं नाव कापशी ठेवलं.

दिवाळीत पोरांनी जिन्यात सुतळी बॉम्ब लावला. माझ्या हातातली वाटी खाली पडली. कापशी उंबऱ्याला लागूनच झोपली होती. तिचा कानसुद्धा हलला नाही. परळच्या जनावरांच्या डॉक्टरने मग सांगितलं, की पांढऱ्या अंगाची निळ्या डोळ्यांची मांजरं बऱ्याचदा जन्मतःच बहिरी असतात. जयप्रकाशचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. आमच्या ह्यांनी त्याला आठवडाभर छळला. तो मांजर परत द्यायला निघाला, पण चांगुणाबाईंनी दिलं नाही. तिला दुसरीकडे कोण घेणार, म्हणाल्या. ते मला फार आवडलं.

थंडी सरत आली होती. दुपारी मी त्यांच्याकडे तांदूळ निवडायला बसायचे. एके दिवशी कापशी मांडीवरून उठली, आतल्या खोलीत गेली आणि वर छताकडे बघू लागली. तिची मान हळूहळू फिरली. स्वयंपाकघराच्या भिंतीपासून खिडकीच्या कोपऱ्यापर्यंत, मधे थबकत थबकत. छतावर माशी नव्हती, पाल नव्हती. कोपऱ्यापाशी तिची नजर बराच वेळ थांबली, आणि मग तशीच सावकाश परत आली. मी तांदळाचं ताट बाजूला ठेवलं.

चांगुणाबाई शांतपणे म्हणाल्या, "आला." कोण, ते मी विचारलं नाही, कारण त्यांनी माझा हात धरून भिंतीवर टेकवला. एरवी मी फारशी घाबरट नाही. पण त्या थंड भिंतीतून माझ्या तळव्याला एक पाऊल लागलं. मग एक फरफट. पुन्हा पाऊल, पुन्हा फरफट. कानाला काही म्हणजे काही नाही. घरात इतकी शांतता होती की मला माझा श्वास ऐकू येत होता, आणि हाताखाली कोणीतरी चालत होतं.

सीतारामचा एक पाय गिरणीत भाजून आखडला होता. तो पाय ओढत चालायचा. बायको बहिरी झाल्यावर तिला हाक मारायची तर तो चांगल्या पायाने जमिनीवर आपटायचा, दोनदा. ते तिला तळपायांना कळायचं. हे सगळं त्या मला सांगत होत्या, आणि मी हात कधीच काढून घेतला होता. मी म्हटलं, उंदीर असतील, टाकीचं पाणी असेल. त्यांनी माझ्या ओठांकडे बघितलं आणि कीव आल्यासारख्या हसल्या.

संध्याकाळी ह्यांना घेऊन मी वर जाऊन आले. दाराला भलंमोठं कुलूप. हा फ्लॅट श्यामसुंदर नावाच्या माणसाचा. तो तुर्भ्याला एका गोदामात कारकून होता आणि चेंबूरला राहायचा. कामावरून सुटला की रोज कापडी पिशवी घेऊन यायचा, वर जायचा आणि अर्ध्या-पाऊण तासाने उतरायचा. बंद घर ओल धरतं, म्हणून हवा देतो, असं सांगायचा. अगदी सभ्य माणूस, खाली मान घालून जाणारा. चहाला बोलवलं तरी कधी आला नाही. बायकोपेक्षा हा फ्लॅटलाच जास्त जपतो, असं आमचे हे म्हणायचे. पण दुपारी तो तुर्भ्याला असायचा. दुपारी वर कोणीच नसायचं.

चांगुणाबाई मात्र बदलल्या. दुपारी धुतलेलं लुगडं नेसायच्या, केस विंचरून खुर्ची भिंतीला लावून बसायच्या. कापशी मान वर करायची, आणि त्या हात भिंतीवर ठेवायच्या. सीताराम जिवंत असताना घरात टिकला नव्हता. चाळीत कोणाचं बाळंतपण अडलं, कोणाला पोलिसांनी नेलं, की हा लंगडत निघालाच. ताट वाढून ठेवायचं आणि झाकायचं, एवढाच यांचा संसार. "आता सवड झाली त्याला," त्या म्हणायच्या. इतकं सुख मी त्यांच्या तोंडावर कधी बघितलं नव्हतं, आणि ते सुख बघून माझ्या अंगावर काटा यायचा.

ही गोष्ट जयप्रकाशच्या कानावर गेली आणि त्याचं डोकं फिरलं. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर. बापाने आयुष्यभर चाळीतल्या बायकांच्या गळ्यातले ताईत तोडले, भूत-पिशाच्च सगळं थोतांड आहे म्हणून सभा घेतल्या; त्याच बापाला भूत करून बसली होती त्याची आई. सगळं खूळ त्या मांजराने आणलं, मांजर साहेबांना परत, असं त्याने ठरवून टाकलं. आईने सांगितलं, मांजर नेलंस तर मी जेवणार नाही. दोघं महिनाभर एकमेकांशी धड बोलत नव्हते. चारुलता बिचारी मधल्यामधे भरडली जात होती.

मे महिना लागला आणि श्यामसुंदर यायचा बंद झाला. गावी गेला असेल, असं मला वाटलं. त्यानंतर तिसऱ्या दिवशी, रविवारी भर दुपारी चांगुणाबाई माझं दार बडवायला लागल्या. कापशीने सकाळपासून दुधाला तोंड लावलं नव्हतं. खिडकीच्या कोपऱ्यात बसून ती वर एकाच जागी बघत होती. पाठीवरचे केस उभे राहिलेले. मी भिंतीला हात लावला. आज चालणं नव्हतंच. एकाच ठिकाणी पाय आपटला जात होता. दोनदा. थांबून पुन्हा दोनदा.

चांगुणाबाई म्हणाल्या, तो हाक मारतोय.

जयप्रकाश घरीच होता. आईचं समाधान करायचं म्हणून वैतागून त्याने हात टेकवला, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. लहानपणापासून त्याने ते आपटणं ऐकलेलं होतं. तो पहार शोधायला लागला.

आम्ही वर गेलो. कुलपासमोर उभं राहिल्यावर मात्र मीच त्याला अडवलं. दुसऱ्याचं घर, आधी पोलिसांना सांगू, म्हटलं. खरं सांगायचं तर मी घाबरले होते. चांगुणाबाईंनी दाराला पाठ लावली आणि त्याही आडव्या उभ्या राहिल्या. मला वाटलं, त्याही घाबरल्या. पण त्यांची भीती वेगळी होती.

"उगडलं आनि आत कोनच नसलं," त्या म्हणाल्या, "तर मग तो कदी आलाच नव्हता. मग मी काय करू?"

जयप्रकाशने पहार खाली केली. तेवढ्यात चांगुणाबाईंनी खाली बघितलं. त्या अनवाणी होत्या. मला काही ऐकू आलं नाही, पण त्यांच्या तळपायांना पुन्हा ते लागलं असावं, कारण त्यांनी डोळे मिटले आणि दारापासून बाजूला झाल्या. "तोड," म्हणाल्या.

आत खिडक्या गच्च बंद, आणि कोंदट उग्र वास. खिडकीच्या कोपऱ्यात, कापशी खालून बघत होती बरोबर त्याच जागेच्या वर, एक खाट होती. खाटेवर एक म्हातारी. उशाशी पाण्याचा तांब्या, कोरडा ठणठणीत. ओठ फुटलेले, डोळे उघडे. मेली, असंच मला वाटलं, आणि मग तिने डोळे आमच्याकडे वळवले.

मी चमच्याने तिला पाणी पाजलं. अर्धं तिच्या मानेवर सांडलं. जयप्रकाश डॉक्टरला आणायला धावला. ती श्यामसुंदरची आई, बायजाबाई. हे सगळं नंतर कळलं. अर्धांगाने तिची वाचा गेलेली, पाय गेलेले. सुनेने घरात ठेवायला नकार दिला, म्हणून याने तिला इथे आणून ठेवलं आणि बायकोला, नातेवाइकांना सांगितलं, आई गावी आहे. रोज पिशवीतून डबा आणायचा, तिला भरवायचा, धुवायचा-पुसायचा. तुर्भ्याला ट्रकने उडवलं त्याला. तो इस्पितळात बेशुद्ध पडला होता. त्याला राक्षस म्हणावं, तर त्याने तिचे केसदेखील विंचरलेले होते. बरा मुलगा म्हणावं, तर बाहेरून कुलूप. मला अजून ठरवता आलेलं नाही.

डॉक्टरने तिच्या पायांवरची चादर बाजूला केली. काड्या उरल्या होत्या नुसत्या. या बाईने दोन वर्षांत जमिनीला पाय लावलेला नाही, म्हणाला, आणि उजवा हात सोडला तर हिला काही हलवता येणार नाही. जयप्रकाशने आणि मी एकमेकांकडे बघितलं. विचारायचं आम्हा दोघांनाही होतं, धीर कोणालाच होत नव्हता. चांगुणाबाईंनी विचारलं, त्यांच्या त्या खणखणीत आवाजात. इथे चालत कोण होतं?

बायजाबाईने उजवा हात उचलला. दोन बोटं चादरीवर उभी केली आणि चालवली. एक बोट ठामपणे टेकायचं, दुसरं त्याच्यामागून ओढत यायचं. टेकायचं, ओढायचं. गुडघ्याच्या बाजूने निघून ती बोटं तिच्या छातीपाशी आली आणि थांबली. मग तिने तळवा उलगडून स्वतःच्या कपाळावर ठेवला, आणि तसाच ठेवून डोळे मिटले. मी मागे सरकले. चांगुणाबाई मात्र त्या हाताकडे एकटक बघत होत्या.

बायजाबाई वाचल्या. त्यांची मुलगी येऊन त्यांना नाशिकला घेऊन गेली. वरचा फ्लॅट आता खरोखर रिकामा झाला, आणि भिंतीत काही उरलं नाही. कापशी दुपारभर झोपायची. जयप्रकाशने आता तिला परत द्यायचं नावही काढलं नाही. उलट ऑफिसातून येताना तिच्यासाठी मासे आणायला लागला. चांगुणाबाई खुर्ची भिंतीला लावून बसत नव्हत्या. एका माणसाचा जीव वाचवलात, असं मी त्यांना पुन्हा पुन्हा सांगत होते. त्या ओठ वाचायच्या आणि मान हलवायच्या.

मग एका दुपारी, मी काही न विचारता, त्या बोलल्या.

"माज्याकडं येतच नव्हता तो, अरुणा. मी रोज केस विंचरून बसायची. आनि तो माज्या डोक्यावरून तिच्याकडं जायचा. मेल्यावर पन दुसऱ्याच्याच घरी."

त्यांनी पदर तोंडाला लावला आणि त्या रडायला लागल्या. पहिल्यांदा हळू, मग गळा काढून. नवरा गेला तेव्हा त्या अशा रडल्या नव्हत्या, असं चारुलता नंतर म्हणाली. त्यांचा आवाज जिन्यातून पार खालपर्यंत जात असणार. त्यांना तो ऐकू येत नव्हता, आणि मांडीवर कापशी झोपली होती.