टाकून दिलेल्या तीन अठ्ठ्या

पत्ते शिकायचं माझं वय नव्हतं आणि हौस तर मुळीच नव्हती. सत्तावीस वर्षांचा घोडा मी, मंचरला खताच्या दुकानात बिलं फाडायचो, पण इस्पिक कुठलं न किलवर कुठलं हे मला धड सांगता येत नव्हतं. वडील माळकरी. ते होते तोवर अवसरीच्या आमच्या घरात पत्त्याचं पान शिरलं नाही, आणि ते गेल्यावरही कुणाला आणावंसं वाटलं नाही. पण ताईसाठी तेव्हा कुणी विहिरीत उडी मार म्हटलं असतं तरी मी मारली असती.

ताई माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. तिचा साखरपुडा होऊन मोडला होता. त्या दिवट्यानं लग्नाला महिना राहिला असताना परस्पर दुसरीशी लग्न लावलं. चूक सगळी त्याची, पण निस्तरायला आम्ही. चार वर्षं झाली तरी जे स्थळ यायचं ते पोहे खायचं, चहा प्यायचं आणि शेवटी विचारायचं, "पण मोडलं का म्हणे?" मग मी चोरी सापडल्यासारखा मान खाली घालून सांगत बसायचो. सांगून झालं की ते उठायचे. आई आत भांडी आदळायची. नव्वदीचं दशक संपत आलं होतं, ताईच्या बरोबरीच्या मुलींची पोरं शाळेत जात होती, आणि आमच्या घरात कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नव्हतं.

अशात मामानं वारूळवाडीचं स्थळ आणलं. मुलगा शांत, थोडी द्राक्षबाग, आई वारलेली, सगळा कारभार म्हाताऱ्या बापाच्या हातात. मामा म्हणाला, "म्हातारा लई इरसाल हाय. दुपारी त्याला तीन पत्ती लागती. पैसा लावत न्हाई, चिंचोक्यांवर खेळतो, पण जो संगं बसत न्हाई त्याच्याशी धड बोलत बी न्हाई. पुढच्या रविवारी जायचंय. तवर शिकून घे. आन साखरपुड्याचं तू काय बी बोलू नको, ते माझं मी बघतो."

आठ दिवस हातात होते. आमच्या दुकानात रोज दुपारी एक रिटायर झालेले एसटी ड्रायव्हर वर्तमानपत्र वाचायला यायचे. त्यांचे पाय धरले. युरियाच्या गोणीवर त्यांनी पानं मांडली. तिन्ही पानं सारखी आली तर सगळ्यांत वर. मग एका रंगाची ओळीनं तीन, मग नुसती ओळीनं तीन, मग नुसता रंग, मग जोडी. पानं न बघता खेळलास तर ब्लाइंड, बघून खेळलास तर चाल, नको असेल तर पॅक. एवढंच. पण माझ्या डोक्यात ते शिरेना! रंग मोठा की ओळ मोठी, दर वेळी उलटं. जोडी आली की मला हसू फुटायचं. ड्रायव्हरकाका कपाळाला हात लावायचे. "अरे राव, तुझं तोंड बघून गिऱ्हाईक बी सांगंल तुझ्याकडं काय पानं हायती. तोंड बंद ठेव, डोळं बी बंद ठेव!"

घरी आईची चोरी, म्हणून ताई आणि मी माळ्यावर बसून खेळायचो. ताईनं सगळा खेळ एका दिवसात उचलला. हातात फुटकळ पानं असताना ती अशी चालीवर चाल करायची की मी घाबरून जोडी टाकून द्यायचो. मग ती पोट धरून हसायची. "माझ्या लग्नासाठी जुगारी झालास की रं!" त्या हसण्यानंच मला जास्त भीती वाटायची. म्हटलं, हे स्थळ गेलं तर ही परत अशी हसणार नाही. रात्री डोळा लागेना. नोकरीच्या परीक्षेला मी एवढा घाबरलो नव्हतो.

रविवारी मामा आणि मी वारूळवाडीला गेलो. म्हाताऱ्यानं ओसरीवर घोंगडी अंथरली, शेजारच्या एका गृहस्थाला हाक मारली, आणि पाण्याचा तांब्या पुढं यायच्या आधी पानं पिसायला घेतली. मुलाचं, मुलीचं अक्षरही नाही. प्रत्येकापुढं मूठ मूठ चिंचोके. पहिले पाच-सहा डाव मी हरलो आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं. आपण हरतोय, म्हातारा खुशीत आहे, म्हणजे सगळं नीट चाललंय. मामानंही डोळ्यानं खूण केली.

मग माझ्या हातात तीन अठ्ठ्या आल्या.

आठ दिवसांत एकदाही आल्या नव्हत्या. मामा पॅक झाला, शेजारी पॅक झाला. उरलो म्हातारा आणि मी. तो चाल करत होता, मी करत होतो, मधे चिंचोक्यांचा ढीग झाला. म्हाताऱ्यानं माझ्याकडं बघितलं आणि आणखी एक मूठ सरकवली. आता त्याच्यापुढं मोजून चार चिंचोके.

माझ्या मनात काय आलं ते आजही लख्ख आठवतं. आपण मुलीकडचे. पंगतीत आधी वरपक्ष जेवतो, आपण वाढायला उभे राहतो. त्यांची चूक झाली तरी माफी आपण मागतो. असं असताना मुलाच्या बापाचे त्याच्याच ओसरीवर सगळे चिंचोके काढून घ्यायचे? आमच्यात असं कुणी केलं असतं? मी पानं पालथी टाकली. म्हणालो, "पॅक. तुमच्यापुढं आमचं काय चालणार?"

शेजाऱ्यानं पिसायला पानं गोळा केली आणि माझी तीन त्याच्या हातात उलटी झाली. तो बोलून गेला, "आरं तिच्या! तीन अठ्ठ्या!"

म्हाताऱ्यानं आपली पानं दाखवली. नव्व्यांची जोडी. मग माझ्याकडं बघून म्हणाला, "का टाकलीस?"

"तुमी मोठे... वरपक्ष..." मी म्हणालो.

"मला जिंकवायला आलास व्हय? एवढं काय झाकायचंय?"

झालं! माझा धीर सुटला. मामा माझी मांडी दाबत होता तरी मी भडाभडा सगळं ओकलो. साखरपुडा, तो दिवटा, दुसरं लग्न, आमची चूक नव्हती, पाया पडतो, गैरसमज करू नका. हात जोडलेले होते माझे. स्वतःची एवढी किळस मला कधी आली नव्हती.

म्हातारा म्हणाला, "ते मला तुमी यायच्या आधीच ठाऊक व्हतं. त्यात पोरीचा काय दोष? म्हटलं, भाऊ येईल, ताठ बसंल, छाती ठोकून बहिणीचं सांगंल. आन तू हातात आलेलं बी टाकून देतो. तुलाच तुझ्या बहिणीची खात्री न्हाई पावणं, मग मला कुठून यावी?"

जेवण केलं आम्ही. त्यानं आग्रहानं वाढलं. परतीच्या एसटीतून मंचरला उतरताना मामा फक्त "गाढव" म्हणाला.

ताई दारातच उभी होती. माझं तोंड बघून तिला कळलंच असणार. तरी तिनं सगळं विचारून घेतलं, पानं कुठली आली, मी काय म्हणालो, तो काय म्हणाला. मी काही लपवलं नाही. खोटं बोलायची ताकदच उरली नव्हती. तिला वाटलं असतं तर ती ओरडली असती, रडली असती, मला ते चाललं असतं.

"खरंच नव्हती व्हय रं तुला खात्री?" ती म्हणाली.

"होती गं ताई. शपथ. होती."

"मग तुला सांगता का नाही आलं?"

इतकी वर्षं मी तिच्यासाठी मान खाली घालत होतो आणि त्यालाच माया समजत होतो. बघणाऱ्याला काय दिसत असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही.

ताईनं माझ्यापुढं चहा ठेवला. "पुढचं स्थळ आलं ना," ती म्हणाली, "तर तू जाऊ नकोस. मी आईला पाठवीन."