बारवेवरचा चुना

शेवगावहून कार्ड आलं ते कोपरा फाडलेलं. असं कार्ड आमच्याकडं वाचतात, लगेच फाडतात आणि घराबाहेर टाकतात. पहिल्या ओळीपुढं सहसा कोणी जात नाही. मी गेले. खाली जावयानं लिहिलं होतं, आईंनी खुरपं तुमच्यासाठी बाजूला ठेवलंय, घेऊन जावं. गयाआक्का, माझी थोरली जाऊ, शेवगावला लेकीकडं गेली ती तिकडंच संपली. त्याला आता महिना झाला.

आक्का गोड बाई नव्हती. मी नांदायला आले त्या दिवशीच म्हणाली, भाकरी जाड थापतेस. ती शाळेत गेली नाही, मी चौथी शिकले, म्हणून आळीतल्या बायकांची पत्रं माझ्याकडं यायची. मी वाचायची, आक्का शेजारी बसून ऐकायची, हुंकारही द्यायची नाही.

बाहत्तरच्या दुष्काळात तिसगावजवळच्या आमच्या गावात पाणी उरलं ते जुन्या बारवेच्या तळाशी. पाझर तलावाचं काम चालू होतं आणि तिथल्या मुकादमाला बांधावर रचायला बारवेचे घडीव दगड हवे होते. दगड निघाले असते तर कडा ढासळून झरा बुजला असता. म्हणून शाळेतल्या गुरुजींनी पुरातत्त्व खात्याला अर्ज केला, बारव जुनी आहे, तिची नोंद करा. काही महिन्यांनी कागद आला, तो बारवेच्या कमानीवर चिकटवला. बारव संरक्षित करण्याचा विचार आहे, हरकत असेल त्यानं दोन महिन्यांत कळवावं, साहेब पाहणीला येतील. एवढं मी बायकांना वाचून दाखवलं. खाली आणखी दोन ओळी होत्या. खळीनं चिकट झाल्या होत्या, ऊन होतं... सोडल्या.

साहेब येणार म्हटल्यावर मीच म्हणाले, भिंती पांढऱ्या करू. पाहुणा यायचा तर घर सारवतोच की आपण. दसऱ्यासारखा दोन हात चुना मारला, कोनाड्यांना, कोरलेल्या देवांना, कोनाड्यावरच्या लेखालाही. साहेब आले, फिरून पाहिलं आणि लिहून गेले : लेख व कोरीव काम दिसत नाही, नोंदीस योग्य नाही. मग गुरुजींनी त्या खालच्या ओळी वाचल्या. पाहणी होईपर्यंत जागेत काहीही बदल करू नये.

दुसऱ्या दिवशी मुकादमानं दगडांवर गेरूच्या खुणा केल्या. गुरुजींनी फेरविचाराचा अर्ज धाडला. आक्का कोणाला न विचारता खुरपं, नारळाची शेंडी आणि चिंच घेऊन बारवेत उतरली. तांब्याचा हंडा घासावा तसं एकेक अक्षर घासत होती. पंधरा दिवस. मीही होते, पण लेखाला मला हात लावू देत नव्हती.

साहेब पुन्हा आले तेव्हा सगळं गाव जमलं होतं. त्यांनी विचारलं, हा चुन्याचा उद्योग कोणाचा? माझं तोंड उघडायच्या आत आक्का पुढं झाली.

"चुना म्या फासला, म्याच काढला. मला वाचता येत न्हाई."

साहेबांनी लेखाचा ठसा घेतला. बारवेची नोंद झाली, मुकादम गेला. गाव तिला पुढं वर्षभर चुनेवाली म्हणत होतं. आळीतल्या बायकांना खरं माहीत होतं, पण आक्काच्या तोंडाला भिऊन कोणी बोललं नाही.

घरी मी भांडले, माझी चूक तू का घेतलीस म्हणून. ती चुलीपुढून उठलीही नाही.

"तुझ्यावरचा इस्वास उडाला तर बायांची पत्रं कोन वाचील? माझं काय जातंय? आन् तारे, हितून फुडं कागद खालपत्तुर वाच."

तेव्हापासून कोणाचंही पत्र वाचून झालं की विचारायची, खाली काय न्हाई ना?

मी शेवगावला जाऊन खुरपं आणलं. चुना खरवडून त्याचं टोक बोथट झालं होतं. लेखातल्या एका अक्षरावर त्याचा ओरखडा आहे, साहेबांनी तोही नोंदीत लिहिलाय. खुरप्याला मी धार लावून घेतली. मेथीत गवत फार माजलं होतं.

हे मी ज्या पेपरच्या पुरवणीला धाडतेय, ती गुरुजी पारावर मोठ्यानं वाचतात. त्यांनी हे खालपर्यंत वाचावं. चुना मी लावला होता.